गोष्टीचं क्रियापद

१९९५ च्या उन्हाळ्यात आमच्या बँकेत संगणक यायचे होते. त्याआधी आम्हा आठ जणांना साताऱ्यातल्या एका क्लासला धाडलं. दीड तास डॉसच्या आज्ञा घोकायच्या. मग सर घड्याळाकडे बघून ‘चला, आता काय ते खेळा’ म्हणायचे. खेळायचं म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. तळघरातून निसटायचं, पहारेकऱ्यांशी तलवारीनं लढायचं, काटेरी खड्डे चुकवायचे आणि ६० मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोचायचं. राजपुत्र एका हातानं कड्याला लोंबकळला की आम्हीही टेबलाची कड घट्ट धरायचो.

सगळे गेल्यावर मी मागे थांबायचे. खेळात चौथ्या पातळीवर एक आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली वेगळी होऊन दुसऱ्या बाजूनं पळून जाते. पुढे ती आडवी येत राहते आणि बाराव्या पातळीवर तलवार उपसून समोर उभी ठाकते. तिच्यावर वार केला की आपलीच ताकद कमी होते. मी तीनदा लढले, तीनदा मेले. चौथ्यांदा, काय वाटलं कोण जाणे, तलवार म्यान केली. सावलीनंही केली. मी चालत पुढे गेले आणि ती माझ्यात मिसळली.

तोवर मी पुष्कळ वाचलं होतं, नाटकं पाहिली होती. पण गोष्टीतलं मर्म आधी हाताला कळावं आणि मग डोक्याला, हे पहिल्यांदाच घडलं. हा गेम जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानं १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यानं व्हिडिओ घेतला आणि त्यातून एकेक चित्र उतरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती की आणखी एक शत्रू काढायला जागाच उरली नाही. मग राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून त्यानं सावली निर्माण केली. कथेतला सगळ्यात खोल क्षण असा जागेच्या टंचाईतून आला.

पडद्यावरच्या गोष्टीचं मूळ शोधत गेलं तर ते एका बापापाशी पोचतं. विल क्राउदर हा प्रोग्रॅमर आणि त्याची बायको केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अजस्र गुहेची मोजणी करणाऱ्यांपैकी होते. पुढे घटस्फोट झाला. मुली भेटायला आल्या की त्यांना खेळायला काही असावं म्हणून १९७५-७६ च्या सुमाराला त्यानं ती गुहा संगणकात नुसत्या शब्दांनी उभी केली. चित्र एकही नाही. पडद्यावर वर्णन उमटायचं आणि खेळणाऱ्यानं एक-दोन शब्द टंकायचे: दिवा घे, पश्चिमेला जा. १९७७ मध्ये डॉन वूड्स यानं त्यात भर घातली आणि हा ‘अ‍ॅडव्हेंचर’ अमेरिकेतल्या विद्यापीठांतून पसरला. पुस्तकातलं वाक्य लेखकानं पुरं करून दिलेलं असतं. क्राउदरनं ते अर्धं सोडलं. कर्ता खेळणारा, कर्म समोर पडलेलं, क्रियापद तेवढं आपण घालायचं.

गेली सहा वर्षं मी असे खेळ खेळते आहे. भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला तेव्हा त्याचं प्लेस्टेशन आणि जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला. ‘मावशी, तू एवढ्या कादंबऱ्या वाचतेस, हे खेळून बघ,’ म्हणाला. जेवणं आटोपली, ओटा आवरला की मी तासभर बसते. जे भावलं तेवढ्याचंच इथं लिहिते आहे. शर्यती, क्रिकेट, नुसतीच गोळीबाराची दंगल यांत माझा जीव रमत नाही. लिहिताना काही कथांचे शेवट सांगावे लागणार आहेत. त्यांच्याविना बोलताच येत नाही.

भाच्यानं पहिला लावून दिला तो ‘पेपर्स, प्लीज’. ल्युकस पोप यानं २०१३ मध्ये जवळजवळ एकट्यानं केलेला. अर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश, साल १९८२. आपण सीमेवरच्या खिडकीत बसलेले तपासनीस. समोर माणूस येतो, पासपोर्ट आणि परवाना ठेवतो. तारखा ताडायच्या, फोटो बघायचा, मग हिरवा शिक्का नाहीतर लाल. जितकी माणसं मार्गी लावू तितका पगार. चुकलं की आधी ताकीद, मग दंड. दिवस संपला की हिशेबाचा कागद: घरभाडं, अन्न, शेगडी, औषध. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरत नाहीत. आज शेगडी पेटवायची की जेवायचं, ते ठरवावं लागतं.

एक माणूस येतो. कागद सगळे बरोबर. आत जाताना सांगतो, मागून माझी बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे परवाना नाही.

मी सत्तावीस वर्षं काउंटरवर काढली. शिक्का उचलणं, शाईच्या गादीवर टेकवणं, कागदावर उतरवणं ही माझ्या उजव्या हाताची भाषा आहे. या गेममध्ये शिक्का पडताना जो आवाज होतो, तो मला झोपेतही ओळखू येईल. एकदा पेन्शन काढायला आलेल्या एका आजींची सही जुळेना. हात थरथरत होता. मी स्लिप तीनदा परत दिली आणि मग साहेबांना भेटा म्हणाले. साहेब रजेवर होते. आजी गेल्या. नियम माझ्या बाजूनं होता आणि रांगेत चाळीस माणसं होती. त्या प्रसंगावर मी कधी कुणाशी बोलले नव्हते. अर्स्टोट्झ्काच्या खिडकीत मी त्या बाईच्या पासपोर्टावर हिरवा शिक्का मारला, ताकीद घेतली आणि गेम बंद करून बराच वेळ अंधारात बसले.

नोकरशाहीवर कथा-कादंबऱ्या भरपूर आहेत. त्या वाचताना आपण खिडकीच्या बाहेर, रांगेतल्या माणसाच्या बाजूला असतो. पोपनं मला आत बसवलं, माझी घाई मलाच दाखवली. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत कामाच्या टेबलाविषयी कुठल्याच माध्यमात याहून खरं काही घडलेलं नाही.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) याच्या अगदी उलट, अफाट पसरलेला. अमेरिकेतलं १८९९ साल, मावळत चाललेली दरोडेखोरांची एक टोळी आणि त्यातला आर्थर मॉर्गन. मुख्य कथा संपवायलाच मला चार महिने लागले. घोड्याला खरारा करायचा, दाढी वाढली तर करायची, शिकार केली तर कातडं सोलून घोड्यावर लादायचं. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल. मला या संथपणाची गोडी लागली. बंदुकीच्या चकमकी मात्र फार आणि त्याच त्याच. निम्म्या कापल्या असत्या तरी कथेचं काही बिघडलं नसतं.

या टोळीत लिओपोल्ड स्ट्राउस नावाचा एक माणूस सावकारी करतो. गरिबांना पैसे द्यायचे आणि वसुलीला आर्थरला पाठवायचं. सुरुवातीच्या भागातच आपण टॉमस डाउन्स या शेतकऱ्याच्या दारात जातो. माणूस आजारी, खोकतोय. बटण दाबून त्याला मारायचं असतं. तो खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. मग दुसरी कामं येतात, आपण विसरून जातो. कितीतरी तासांच्या खेळानंतर आर्थर एका शहराच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतात, क्षय. तेव्हा ते दार आठवतं, तो खोकला आठवतो आणि आठवतं की बटण दाबणारा अंगठा आपलाच होता.

मार्चअखेरीला वसुलीच्या जीपमधून मीही गेले आहे. एका घरी मालक नव्हते. त्यांच्या बायकोनं आम्हाला आधी पाणी दिलं आणि मग रडली. पुढे आर्थर कर्जं माफ करत सुटतो, स्ट्राउसला टोळीतून हाकलून देतो. मी प्रत्येक कर्ज माफ केलं. एकही सोडलं नाही.

निवड हातात असली म्हणजेच खेळातली कथा मोठी, असं तोवर मी धरून चालले होते. ‘द लास्ट ऑफ अस’नं (२०१३) ते मोडून काढलं. महामारीनं उद्ध्वस्त अमेरिका. जोएलची मुलगी पहिल्या काही मिनिटांत त्याच्या हातात प्राण सोडते. वीस वर्षांनी एली नावाच्या चौदा वर्षांच्या पोरीला देशाच्या पार दूरच्या भागात पोचवायचं काम त्याच्याकडे येतं, कारण तिला तो रोग होत नाही. वाटेत एका ओसाड शहरात ती दोघं जिराफांच्या कळपापाशी थांबतात. तिथं काहीच करायचं नसतं. कठड्याला टेकून हवं तितका वेळ उभं राहायचं. मी दहा मिनिटं उभी होते.

शेवटी इस्पितळ. लस हवी तर एलीचा मेंदू काढावा लागणार आणि ती मरणार. जोएल तिला सोडवायला निघतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर सुरी धरून आडवा उभा. मला त्याला मारायचं नव्हतं. मी कंट्रोलर खाली ठेवला, चहा करून आले. पडदा तसाच. डॉक्टर तसाच. गोष्ट माझ्यासाठी खोळंबली होती आणि पुढे जायला एकच वाट होती. २०२३ मध्ये याची मालिका आली. ती मी बहिणीबरोबर पाहिली. मालिका चांगली आहे, अभिनय उत्तम आहे. पण मालिकेत डॉक्टरला जोएलनं मारलं. खेळात मी मारलं.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) दोन-अडीच तासांत संपतो. एक जुनं घर, एकेकाची बंद खोली आणि प्रत्येक खोलीत त्या माणसाच्या मरणाची कथा. त्यातला लुईसचा भाग मी चारदा खेळले. लुईस मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. उजव्या अंगठ्यानं मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडवायचं, पुढे सरकवायचा. तेच, पुन्हा तेच. मग डाव्या अंगठ्याकडे वेगळं काम येतं: लुईसच्या मनातलं एक छोटंसं राज्य, त्यात चालणारा एक राजकुमार. हळूहळू ते राज्य वाढतं, रंगतं आणि सगळा पडदा व्यापतं. कारखाना दिसेनासा होतो, तरी उजवा अंगठा मासे कापतच राहतो. नोटा मोजताना माझं हेच व्हायचं. बोटं शंभरचं बंडल पुरं करायची आणि मी मनानं माहेरच्या विहिरीवर असायचे. हाताच्या कष्टाचं आणि मनाच्या पळण्याचं हे नातं कुठल्याही वर्णनानं इतकं नेमकं पोचलं नसतं. इथं दोन्ही एकाच वेळी आपले दोन अंगठे करत असतात. लुईसचा शेवट सांगत नाही. तो स्वतः अनुभवायला हवा.

युद्धाविषयीचे गेम बहुधा सैनिकाचे असतात. ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसांचा आहे. पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओजनं तो केला. नव्वदच्या दशकातला सारायेव्होचा वेढा ही त्यामागची प्रेरणा. दिवसा बाहेर पडलं तर गोळी लागते. म्हणून रात्री एकानं जायचं आणि पडक्या घरांतून अन्न, औषध, सरपण आणायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे दोन्ही आहे, अन्न आणि औषध. आपण फडताळ उघडलं की म्हातारा मागे मागे येऊन विनवतो. आमच्यातला एक जण तापानं फणफणला होता. मी घेतलं. पुढे माझी माणसं पोटभर जेवली, पण चोरी करून आलेला कोपऱ्यात बसला आणि कामाला उठेना. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारनं हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेतला. ही बातमी वाचली तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्यांनी तो वाचनयादीत घातला हे फार योग्य झालं.

आणि ‘डिस्को एलिझियम’ (२०१९)! शुद्ध हरपून गेलेला एक पोलीस अधिकारी खानावळीच्या वरच्या खोलीत जागा होतो. मागच्या अंगणात झाडाला प्रेत लटकतंय. त्याला आपलं नावही आठवत नाही. इथं मारामारी जवळजवळ नाहीच, आहेत ते संवाद: दहा लाखांहून जास्त शब्द. त्याच्या डोक्यात चोवीस आवाज आहेत. तर्क, सहानुभूती, अधिकार, अंगातली कळ, सगळे आपापसांत वाद घालतात आणि कुणाचं ऐकायचं ते आपण ठरवायचं. इंग्रजी अवघड आहे. मी शब्दकोश शेजारी ठेवून खेळले. सोबत किम कित्सुरागी नावाचा दुसरा अधिकारी असतो, मितभाषी, नेटका, वहीत टिपून ठेवणारा. गेम संपल्यावर किती तरी दिवस मला त्याच्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

‘डिस्को एलिझियम’चा मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ एस्टोनियाचा. जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा तो देश. याच जगावर त्यानं आधी, २०१३ मध्ये, एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली होती. ती फारशी खपली नाही. मग मित्रांना घेऊन त्यानं ते जग इंग्रजीत, गेममध्ये उभं केलं आणि ते पृथ्वीभर पोचलं. आठ कोटींहून जास्त माणसं जी भाषा बोलतात तिच्या लेखकांनी या हकिकतीकडे नीट पाहावं असं मला वाटतं.

आपला मुलूख अशा खेळांत आलाच नाही असं मात्र नाही. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (२०१७) हा कॅलिफोर्नियात तयार झालेला गेम चक्क पश्चिम घाटात घडतो. अर्धी भारतीय असलेली क्लोई फ्रेझर होयसळांच्या राज्यात गणपतीचा सुळा शोधत हिंडते. बेलूर, हळेबीड यांची नावं येतात. परशुरामाच्या परशूनं दात कसा तुटला ते ती मैत्रिणीला सांगते. हिरवाई डोळे निववते, पण प्रत्येक देवळाचं शेवटी कुलूप उघडायचं कोडं होतं. देवळात शिरणारी माणसं तिथं काहीतरी मागायला, नमस्कार करायलाही येतात, हे त्या गेमला जाणवलेलं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेल्या ‘राजी’त ती जाण आहे. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. तिची कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांना सांगतात. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, मधूनच सावल्यांच्या बाहुल्या. पाहत राहावं असं काम आहे. कथा मात्र मधेच तुटल्यासारखी संपते आणि लढाया लवकर एकसुरी होतात. तरीही हे पुण्यात बसून झालं याचा मला अभिमान आहे आणि त्या मंडळींच्या पुढच्या गेमची मी वाट बघते आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो एक तमिळ संसार. ‘वेन्बा’ (२०२३) टोरांटोतल्या व्हिसाई गेम्सनं केला आणि पहिल्याच निर्मितीसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. १९८० च्या दशकात कॅनडात आलेलं जोडपं, तिथं जन्मलेला मुलगा कविन. वेन्बाच्या आईची पाककृतींची वही फाटलेली, ओली होऊन अक्षरं पुसलेली. गाळलेल्या जागा आपण भरायच्या. सुरुवात इडलीनं. पात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे वाफेला वाट आणि इडलीला फुगायला जागा मिळेल, हे शोधायचं कोडं. मला ते एका क्षणात सुटलं, कारण हात तीस वर्षं तेच करत आलेत. पुढे कविन मोठा होतो, घरापासून आणि भाषेपासून दुरावतो. एके दिवशी आईच्या वहीतलं काही करून बघायला स्वयंपाकघरात एकटा उभा राहतो. आता मांडामांड आपण त्याच्या हातानं करायची असते आणि वही त्याला धड वाचता येत नाही. मी खेळत असताना जर्मनीहून फोन आला: ‘मावशी, कटाच्या आमटीला कट किती घेऊ?’ मी त्याला वाटीनं सांगितलं आणि ‘वेन्बा’ घ्यायला सांगितलं.

यातला एकही गेम मी मराठीत खेळलेले नाही. ‘पेपर्स, प्लीज’मधलं साल १९८२ आहे. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. दहा बाय दहाची खोली, आजची खर्ची, वाण्याची उधारी, शाळेची फी, गावाला परत जायचं की थांबायचं. रोज रात्री मांडायचा तोच हिशेबाचा कागद. या संपावरचा गेम मराठीतच व्हायला हवा आणि त्याचे संवाद लिहू शकतील अशी माणसं दिवाळी अंकांतून दरवर्षी लिहीत असतात. पुण्या-मुंबईत गेम करणारी तरुण मुलं आहेत. त्यांनी या लेखकांचा दरवाजा ठोठावावा आणि लेखकांनी तो उघडावा, एवढी माझी दोघांनाही विनंती आहे.

ज्यांनी आजवर एकही गेम हातात धरला नाही त्यांनी ‘फ्लॉरेन्स’पासून सुरुवात करावी. २०१८ चा, मेलबर्नमध्ये झालेला. ती नोकरदार तरुणी, तो भारतीय वंशाचा, क्रिश नावाचा चेलोवादक. पहिल्या भेटीत बोलायचं तर कोड्याचे बरेच तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. भांडणात त्यांना टोकं फुटतात. इंग्रजी वाचावं लागतं ते अगदी थोडं. फोनवर चालतो आणि पाऊण तासात संपतो. फराळाची ताटं उचलून झाली की एकट्यानं बसून खेळा.